चित्रकलेच्या क्लासची फी: कोकणातील पालकांनी आणि प्रौढ विद्यार्थ्यांनी हिशेब कसा मांडावा

जून जवळ आला की चिपळूण, कुडाळ, दापोली, अलिबाग अशा गावांच्या बाजारपेठेत चित्रकला वर्गांचे फलक दिसू लागतात आणि त्यांवर बहुधा एकच आकडा ठळक अक्षरांत असतो, तो म्हणजे महिन्याची फी. पालक हे आकडे एकमेकांशी ताडून पाहतात, त्यातल्या त्यात कमी फीचा वर्ग निवडतात आणि वर्ष सरताना खर्च अपेक्षेपेक्षा कितीतरी वाढलेला पाहून बुचकळ्यात पडतात. फलकावरचा आकडा अपुरा असतो, एवढेच त्याचे कारण आहे. चित्रकला शिकताना आपण मुख्यतः शिक्षकाने आपल्या कागदाकडे पाहण्यात घालवलेला वेळ विकत घेत असतो. तो वेळ किती मिळतो आणि त्याच्यासोबत साहित्याचा, प्रवासाचा व बुडालेल्या दिवसांचा किती भार येतो, हे मांडून पाहिल्याशिवाय कोणता वर्ग महाग आणि कोणता स्वस्त हे कळत नाही. पुढील हिशेबांतील रकमा उदाहरणादाखल घेतल्या आहेत. वाचकांनी आपापल्या गावातील प्रत्यक्ष रकमा त्या जागी घालून आकडेमोड करावी.

फीचे तास आणि तासांची मिनिटे

समजा, एका वर्गाची फी महिन्याला ६०० रुपये आहे, वर्ग आठवड्यातून दोनदा दीड तास भरतो आणि महिन्यात आठ तासिका होतात. म्हणजे बारा तासांचे ६०० रुपये, ताशी ५० रुपये. शेजारच्या गल्लीतील दुसऱ्या वर्गाचे वार आणि वेळ तेवढेच असून फी ९०० रुपये आहे, म्हणजे ताशी ७५ रुपये. बहुतेक कुटुंबांचा निर्णय येथेच होतो. मात्र यानंतर विचारायचा प्रश्न असा आहे की एका बॅचमध्ये मुले किती बसतात. पहिल्या वर्गात अठरा मुले असतील, तर नव्वद मिनिटांत एका मुलाच्या वाट्याला शिक्षकाची पाच मिनिटे येतात आणि महिन्याकाठी चाळीस. दुसऱ्या वर्गात नऊच मुले असतील, तर तासिकेला दहा मिनिटे आणि महिन्याला ऐंशी मिनिटे मिळतात. आता भागाकार केला तर पहिल्या वर्गात एका मिनिटाला १५ रुपये पडतात आणि दुसऱ्या वर्गात सव्वाअकरा. फलकावर दीडपट महाग दिसणारा वर्ग प्रत्यक्षात स्वस्त ठरतो.

हा हिशेब तंतोतंत खरा मानू नये, कारण फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर सर्वांना मिळून दाखवलेले प्रात्यक्षिक प्रत्येकाच्याच उपयोगी पडते आणि मुले एकमेकांचे पाहूनही बरेच काही शिकतात. तरीही मुलाची पेन्सिल धरण्याची पद्धत, रेषेवरचा दाब, तांब्याच्या तोंडाची लंबवर्तुळाकार कड चुकणे, रंगात पाणी जास्त होणे, या गोष्टी शेजारी बसून दाखवल्याशिवाय सुधारत नाहीत आणि त्यासाठी हीच मोजकी मिनिटे असतात. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी एका चालू तासिकेत अर्धा तास मागे बसून पाहण्याची परवानगी मागावी. शिक्षक बाकांमधून फिरतात की टेबलाशी बसून राहतात, ज्यांचे नाव फलकावर आहे तेच शिकवतात की वरच्या वर्गातील विद्यार्थी, हे तेवढ्या वेळात समजते. भिंतीवरची चित्रेही नीट पाहावीत. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, कौलारू घर आणि डाव्या बाजूला वाकलेला माड हे चित्र दहा मुलांनी दहा कागदांवर अगदी एकसारखे काढलेले दिसले, तर तेथे चित्र पाहून चित्र उतरवणे शिकवले जाते. समुद्रकिनाऱ्यावर राहणाऱ्या मुलाने होडी काढताना ती वाळूवर ओढलेली पाहिलेली असते, तिच्या नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, उतार त्याला ठाऊक असतो. तो त्याच्या चित्रात उतरत नसेल, तर कमी फीसुद्धा वाया जाते.

शिक्षकाच्या बाजूचा हिशेब

फी जास्त वाटली तर ती कशातून तयार होते हेही पाहिले पाहिजे. समजा, एखाद्या शिक्षकाने बाजारपेठेत पाच हजार रुपये भाड्याने गाळा घेतला आहे, विजेवर आठशे आणि वर्गातील कागद, खडू, मांडणीच्या वस्तू, साफसफाई यांवर बाराशे रुपये जातात. महिन्याचा खर्च सात हजार झाला. पंचवीस मुलांची प्रत्येकी ५०० रुपयांप्रमाणे साडेबारा हजार फी जमते आणि शिक्षकाच्या हाती साडेपाच हजार उरतात. जुलैत पावसाने जोर धरला आणि अठराच मुले उरली, तर नऊ हजार जमतात आणि भाडे तेवढेच द्यावे लागत असल्याने हाती दोन हजार राहतात. अनेक वर्ग सुट्टीच्या महिन्याचीही फी घेतात किंवा तीन महिन्यांची फी एकदम मागतात, ते यामुळे. जो शिक्षक स्वतःच्या घराच्या पडवीत किंवा ओटीवर वर्ग घेतो, त्याला भाडे नसते आणि म्हणून त्याची फी कमी असू शकते. त्यावरून त्याच्या शिकवण्याची पातळी कमी आहे असे समजण्याचे कारण नाही.

शिक्षकाचे शिक्षण जरूर विचारावे. आर्ट टीचर डिप्लोमा म्हणजे एटीडी, जी. डी. आर्ट ही पदविका किंवा बीएफए ही ललित कलेची पदवी घेतलेल्या व्यक्तीने काही वर्षे पूर्ण वेळ देऊन आणि खर्च करून ही विद्या मिळवलेली असते. त्यासाठी प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागते असेही नाही, कारण चिपळूण तालुक्यातील सावर्डे येथे सह्याद्री स्कूल ऑफ आर्टसारखी संस्था आहे. पदवी नसलेले पण हात उत्तम असलेले मूर्तिकार आणि फलक रंगवणारे कलावंतही कोकणात ठिकठिकाणी आहेत. माझ्या मते लहान मुलांसाठी कागदावरच्या पदवीपेक्षा मुलांत रमण्याची वृत्ती अधिक मोलाची आहे; परीक्षा किंवा कला महाविद्यालयाचा प्रवेश डोळ्यांसमोर असेल, तर मात्र प्रशिक्षित शिक्षकासाठी जास्त पैसे मोजणे योग्य ठरते.

पाऊस, चतुर्थी आणि शिमगा

कोकणातील वर्गाचा खर्च महिन्यावर न मोजता वर्षावर मोजावा. समजा, दरमहा ७०० रुपये फी, प्रवेशाचे ५०० रुपये आणि वर्षभराच्या साहित्याचे १,५०० रुपये आहेत. जून ते मार्च या दहा महिन्यांचे सात हजार धरून एकूण नऊ हजार रुपये होतात. आठवड्याला दोन याप्रमाणे दहा महिन्यांत ऐंशी तासिका व्हायला हव्यात, परंतु अतिवृष्टीचे इशारे, गणेश चतुर्थीचे दिवस, दिवाळी, शाळेच्या परीक्षा आणि शिमगा वजा जाता समजा सहासष्ट तासिका झाल्या. नऊ हजारांना सहासष्टने भागले की एका तासिकेचा खर्च साधारण १३६ रुपये येतो. नुसत्या फीला आठने भागले असता तो साडेसत्त्याऐंशी रुपये दिसत होता.

म्हणून प्रवेश घेताना विचारावे की बुडालेली तासिका भरून दिली जाते का, चतुर्थीच्या महिन्यात फी अर्धी होते की पूर्ण राहते, आणि मुलगा आजारी पडला तर दुसऱ्या बॅचमध्ये बसता येते का. पावसाळ्यात संध्याकाळी वीज जाणे ही आपल्याकडची नित्याची बाब असल्याने वर्गात इन्व्हर्टर आहे का, हेही विचारण्यासारखे आहे. अंधूक उजेडात रंग कालवायला शिकणे कोणत्याही वयात कठीण असते.

मुलाच्या वयाप्रमाणे कशासाठी पैसे द्यावेत

सात वर्षांखालील मुलाला औपचारिक वर्गाची निकड नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वयात भरपूर कागद, जाड खडू, शाडूची माती आणि शेजारी बसणारे मोठे माणूस पुरेसे असते. वर्गात घालायचेच असेल, तर आठवड्यातून एक तासाची बॅच घ्यावी आणि वर्षाची फी एकदम भरू नये. आठ ते बारा या वयात मूल स्वतःच्या चित्रावर नाराज होऊ लागते, त्याला घोडा घोड्यासारखा दिसायला हवा असतो आणि येथेच चांगल्या शिक्षकाची फी सर्वांत जास्त फळ देते. कुटुंबाला मोजकीच वर्षे परवडणार असतील, तर ती याच वयात खर्च करावीत.

त्यानंतर येतात शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. या परीक्षा महाराष्ट्र राज्याचे कला संचालनालय घेते. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र (म्हणजे नक्षीकाम) आणि भूमिती व अक्षरलेखन असे विषय असतात. इंटरमिजिएटला स्थिरचित्र, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तूंच्या रचनेचे रंगीत चित्र, येते आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते. प्रचलित नियमांनुसार इंटरमिजिएटच्या ए, बी आणि सी श्रेणीसाठी दहावीच्या निकालात अनुक्रमे ७, ५ आणि ३ गुण मिळतात आणि या गुणांमुळेच परीक्षेच्या खास बॅचची फी नेहमीच्या बॅचपेक्षा जास्त असते. ती भरण्यापूर्वी शाळेतील चित्रकलेचे सर किंवा बाई काय काय शिकवतात, याची चौकशी करावी. परीक्षेचे अर्ज सामान्यतः शाळेमार्फत भरले जातात आणि कलाशिक्षक असलेल्या शाळांत त्यासाठी जादा तास घेण्याची प्रथा आहे. भूमिती आणि अक्षरलेखन शाळेतच पक्के होत असेल, तर खासगी शिक्षकाला फक्त स्मरणचित्र आणि स्थिरचित्र यांसाठी विचारता येते. असे ठरावीक विषयांपुरते शिकवायला पुष्कळ शिक्षक तयार होतात, पण पालक विचारतच नाहीत.

बारावीनंतर बीएफएला जाऊ इच्छिणाऱ्यांचे वर्ग हा अगदी वेगळा प्रकार आहे. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या एएसी सीईटीसाठी वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांच्या प्रात्यक्षिकांबरोबर सामान्य ज्ञानाचीही तयारी करावी लागते आणि या वर्गांची फी बहुतेक वेळा एकरकमी ठरलेली असते. अशा वेळी एकूण किती तास, किती सराव परीक्षा आणि प्रत्येक सराव चित्रावर लेखी किंवा तोंडी अभिप्राय मिळतो का, एवढे विचारून एकरकमी रकमेला तासांनी भागावे. पुण्या-मुंबईला दोन महिने राहून शिकण्याचा विचार असेल, तर खोली आणि जेवणाचा खर्च फीपेक्षा मोठा होऊ शकतो. म्हणून आपल्याच जिल्ह्यातील कला महाविद्यालयात शिकणाऱ्या किंवा शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याकडून तयारी करून घेता येते का, हे आधी पाहावे.

साहित्य: जिथे पैसे वाचतात आणि जिथे वाचवू नयेत

साहित्यावर अनाठायी खर्च होतो तो मुख्यतः सुरुवातीला, उत्साहाच्या भरात. चोवीस रंगांची मोठी पेटी, दहा ब्रशांचा संच, लाकडी इझल आणि कॅनव्हासच्या पाट्या पहिल्याच आठवड्यात घरी येतात आणि त्यांतील निम्म्या वस्तू तशाच पडून राहतात. सुरुवातीला एचबी, २बी, ४बी आणि ६बी या पेन्सिली, मऊ खोडरबर, क्लिप लावलेले पॅड आणि कार्ट्रिज कागद, म्हणजे चित्रकलेचा साधा जाडसर कागद, एवढे पुरे असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेन्सिली, खोडरबर, क्रेयॉन आणि पेस्टल यांच्यावरील जीएसटी शून्य झाला आहे, तेव्हा दुकानात छापील किंमत आणि बिल पाहून घ्यावे.

जलरंग सुरू झाले की खर्चाचा खरा प्रश्न कागदाचा असतो. कागदाची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कागदाच्या ग्रॅममधील वजनावरून, सांगतात. साध्या सरावाला कार्ट्रिज चालतो, पण भरपूर पाण्याचे काम करायचे झाले, तर पातळ कागद फुगतो, त्यावर खळगे पडतात आणि मुलाला वाटते की आपल्याला जमत नाही. ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद महाग असतो, म्हणून तो सुट्या पानांच्या लहान पॅडऐवजी पूर्ण ताव घेऊन घरी कापावा. पूर्ण इम्पीरियल ताव २२ इंच बाय ३० इंच असतो. त्याचे चार भाग केले की ११ बाय १५ इंचाचे कागद मिळतात आणि आठ भाग केले की साडेसात बाय ११ इंचाचे. सरावाला आठवा भाग वापरावा आणि दोन्ही बाजू वापराव्यात. मात्र आपल्या हवेत एक गोष्ट विसरू नये: दमटपणामुळे कागदावरील सरसाचा लेप बिघडतो आणि मग रंग शोषला जाऊन डाग डाग पडतात, शिवाय बुरशी येते ती वेगळीच. जूनपूर्वी वर्षभराचे ताव स्वस्तात मिळाले म्हणून घेऊन ठेवले आणि ते भिंतीला टेकवून ठेवले, तर ऑगस्टपर्यंत ते निकामी होऊ शकतात. पावसाळ्यात महिन्यापुरताच कागद घ्यावा, तो घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि वड्यांच्या रंगपेट्या वापरून झाल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय बंद करू नयेत.

रंगांच्या बाबतीत विद्यार्थी दर्जा आणि कलाकार दर्जा असे दोन प्रकार दुकानात मिळतात. मुलांना विद्यार्थी दर्जाचे रंग पूर्णपणे पुरतात. कलाकार दर्जाच्या नळ्यांची किंमत रंगद्रव्यावर ठरते आणि नळीवर किमतीचा गट दाखवणारा सिरीज क्रमांक असतो. यलो ऑकर, बर्न्ट सिएना यांसारखे मातीचे रंग स्वस्त, तर खरे कॅडमियम आणि कोबाल्ट असलेले रंग बरेच महाग असतात. प्रौढ विद्यार्थ्याने चोवीस हलक्या नळ्यांऐवजी सहा-सात चांगल्या नळ्या घ्याव्यात आणि बाकीचे रंग मिसळून तयार करावेत, कारण मिश्रण शिकणे हा अभ्यासाचाच भाग आहे. कोकणचा पावसाळी हिरवा रंग तयार नळीतून कधीच मिळत नाही. निळा, पिवळा आणि चिमूटभर तांबडा यांच्या प्रमाणांशी झगडूनच तो सापडतो. ब्रशांचेही तसेच आहे. स्वस्त दहा ब्रशांपेक्षा टोक टिकवणारा आठ किंवा दहा नंबरचा एक गोल ब्रश आणि एक चपटा ब्रश घ्यावा आणि तो पाण्याच्या मगात उभा ठेवू नये.

वर्गाकडूनच साहित्याचा संच घेण्याची सक्ती असेल, तर त्यातील वस्तूंची यादी मागून बाजारातील किमतीशी ताडून पाहावी. ठोक खरेदीमुळे तो कधी स्वस्तही पडतो आणि शिक्षकाला सर्व मुलांकडे एकसारखे साहित्य असणे सोयीचे असते, ही त्याची न्याय्य बाजू आहे.

येण्याजाण्याचा खर्च

वाडीतून तालुक्याच्या गावी वर्गाला जायचे असेल, तर प्रवासाचा खर्च फीच्या जवळपास जाऊ शकतो. एसटीत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धे तिकीट असते आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना भाड्यात पन्नास टक्के सवलत आहे, त्यामुळे आईने किंवा आजीने मुलाला वर्गाला नेणे वडिलांनी नेण्यापेक्षा स्वस्त पडते. पंच्याहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास विनामूल्य असतो आणि पासष्ट ते पंच्याहत्तर वयोगटाला अर्धे तिकीट असते. समजा, पूर्ण तिकीट वीस रुपये आहे. आई आणि दहा वर्षांचे मूल यांचे प्रत्येकी दहा धरून जाऊन-येऊन चाळीस रुपये होतात. सहासष्ट तासिकांचे २,६४० रुपये. मघाच्या नऊ हजारांत ते मिळवले की वर्षाचे ११,६४० रुपये आणि एका तासिकेचे सुमारे १७६ रुपये होतात. वर्ग सुटण्याच्या वेळेला परतीची गाडी नसेल आणि रिक्षा करावी लागणार असेल, तर हा आकडा कुठल्या कुठे जातो. म्हणून बॅचची वेळ ठरवण्यापूर्वी एसटीचे वेळापत्रक पाहावे आणि आठवड्यातून दोनदा दीड तासाऐवजी एकदाच तीन तास बसण्याची सोय शिक्षक करून देतात का, असे विचारावे. तास तेवढेच राहतात आणि प्रवास निम्मा होतो. दहा वर्षांपुढील मुलाला मध्ये दहा मिनिटांची सुट्टी दिली, तर तीन तास जड जात नाहीत. एका वाडीतील पाच-सहा मुले जमली, तर शिक्षकालाच शाळेच्या किंवा देवळाच्या सभामंडपात रविवारी बोलवावे. त्याचे जाण्यायेण्याचे भाडे सर्वांनी वाटून घेतले, तरी प्रत्येकाला ते कमी पडते.

प्रौढांसाठी

निवृत्तीनंतर, मुले मोठी झाल्यावर किंवा नोकरी सांभाळून चित्रकला शिकू पाहणाऱ्यांची गरज वेगळी असते. त्यांना परीक्षा नको असते, पण तासाची फी बहुधा मुलांपेक्षा जास्त द्यावी लागते, कारण बॅच लहान असते आणि प्रत्येकाचा विषय वेगळा असतो. येथे दोन मार्ग समोर येतात. एक, मासिक वर्ग: समजा चार तासिका, प्रत्येकी दोन तास, फी १,२०० रुपये, म्हणजे ताशी १५० रुपये. दुसरा, सुट्टीच्या दिवशीची एकदिवसीय कार्यशाळा: सहा तास, साहित्यासह १,५०० रुपये, म्हणजे ताशी २५० रुपये. कार्यशाळेत एक पूर्ण चित्र घेऊन आपण घरी येतो आणि ते सुंदरही असते, पण पुढच्या आठवड्यात त्यातील चूक दाखवायला कोणी नसते. ज्याला हे माध्यम आपल्याला आवडेल का एवढेच पाहायचे आहे, त्याने कार्यशाळा घ्यावी. ज्याला शिकायचे आहे, त्याने मासिक वर्गच घ्यावा आणि किमान सहा महिन्यांची तयारी ठेवावी.

प्रौढांनी तासिकागणिक फी ठरवून घेण्यात संकोच करू नये. आंब्याच्या हंगामात बागायतदाराला एप्रिल-मे जमणार नाही आणि पर्यटकांची खोल्यांची व्यवस्था पाहणाऱ्या गृहिणीला डिसेंबर जमणार नाही. अशांनी दहा तासिकांचे पैसे भरून त्या चार महिन्यांत कधीही घेण्याची मुभा मागावी. बाहेर बसून निसर्गचित्रण करण्याच्या तासिका नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवाव्यात, तेव्हा उजेड स्वच्छ असतो आणि रंग हाताळता येतील इतपत वेळात वाळतात. पावसात स्थिरचित्र आणि पेन्सिलीचे काम करावे. ऑनलाइन वर्ग स्वस्त असतात, पण आधीच रेकॉर्ड केलेल्या धड्यांत आपले चित्र कोणी पाहत नाही. ज्यात चित्राचे छायाचित्र पाठवून अभिप्राय मिळतो, अशाच ऑनलाइन वर्गासाठी पैसे द्यावेत आणि आपल्या घरात नेटवर्क कोणत्या कोपऱ्यात येते, ते आधी तपासावे.

फीच्या आगेमागे येणारे खर्च

वर्षभरात स्पर्धांची प्रवेश फी, प्रदर्शनाची वर्गणी, फ्रेमचा खर्च, टी-शर्ट, प्रमाणपत्र असे खर्च निघत राहतात. प्रदर्शन हा चांगला खर्च आहे. आपले चित्र भिंतीवर टांगलेले पाहून मूल पुढच्या चित्राला वेगळ्या मनाने बसते. ज्या खासगी स्पर्धांत प्रवेश फी भरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पदक मिळते, त्यांना मात्र सरळ नाही म्हणावे. खासगी वर्गाने दिलेल्या डिप्लोमाच्या प्रमाणपत्राला शासकीय मान्यता आहे असे सांगितले जात असेल, तर मान्यता देणाऱ्या संस्थेचे नाव लेखी मागावे. वर्षाच्या सुरुवातीलाच यादी मागून ऐच्छिक काय आणि सक्तीचे काय, हे स्पष्ट करून घेतले, म्हणजे मुलासमोर नकार देण्याची वेळ येत नाही.

पावती घ्यावीच. यूपीआयने पैसे दिले तरी पावतीवर कालावधी, तासिकांची संख्या आणि परताव्याची अट लिहून घ्यावी. एखादा वर्ग फीवर जीएसटी लावत असेल, तर त्याचा नोंदणी क्रमांक पावतीवर असला पाहिजे. वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांच्या आत असलेल्या सेवा व्यावसायिकाला सामान्यतः नोंदणीची आवश्यकता नसते, त्यामुळे गावातील एकट्या शिक्षकाच्या फीवर हा कर सहसा येत नाही. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत शाळा-महाविद्यालयाच्या शिक्षण शुल्कावर मिळणारी वजावट खासगी चित्रकला वर्गाच्या फीला लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. वर्षाची फी एकदम भरल्यास मोठी सूट देणारे वर्ग असतात. ती सूट एका महिन्याच्या फीपेक्षा कमी असेल, तर दरमहाच भरावे, कारण मूल मध्येच कंटाळले तर अधिक नुकसान होते. वर्ग अचानक बंद झाला आणि पैसे परत मिळत नसतील, तर आधी समोरासमोर बोलावे, नंतर लेखी मागणी करावी आणि तरीही उपयोग झाला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

फी परवडत नसेल तर

अनेक शिक्षक गरजू मुलाला अर्ध्या फीत किंवा विनामूल्य बसवतात, पण त्यांना ते फलकावर लिहिता येत नाही. पालकांनी मूल जवळ नसताना शांतपणे विचारावे. भावंडांसाठी सवलत मागावी. त्या बदल्यात वर्गाची साफसफाई, प्रदर्शनाची मांडणी, आपल्या दुकानातून साहित्य आणून देणे असे काही करण्याची तयारी दाखवली, तर दोन्ही बाजूंचा संकोच कमी होतो.

आणि कोकणात शिकण्याच्या काही जागा अशा आहेत की जेथे महिन्याच्या फीचा संबंधच येत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात ही चित्रे जवळून पाहता येतात. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, तयार करणारे कारागीर काम करताना दिसतात आणि चितारआळीत लाकडी फळे व खेळणी रंगतात. सपाट रंग, ठाम बाह्यरेषा आणि नक्षीची पुनरावृत्ती या संकल्पचित्राच्या परीक्षेत लागणाऱ्या गोष्टी तेथे प्रत्यक्ष दिसतात. मुलाला तेथे नेताना वही आणि पेन्सिल सोबत द्यावी, कारागिराची परवानगी घ्यावी आणि जमल्यास एखादी लहान वस्तू विकत घ्यावी.

गावोगावच्या गणपतीच्या शाळांत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कार्यशाळांत, आषाढापासून माती मळण्याचे, साचे भरण्याचे आणि पुढे रंगकामाचे काम सुरू होते. मूर्तिकाराच्या ओळखीच्या घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलाला तेथे संध्याकाळी हाताखाली घेतात. पहिल्या वर्षी त्याला माती भिजवणे, ब्रश धुणे आणि पाट पुसणे एवढेच मिळते, दुसऱ्या वर्षी पितांबराचा सपाट रंग मिळतो आणि डोळ्यांची आखणी मूर्तिकार स्वतःच करतो. पण ती आखणी चार हातांवरून रोज पाहायला मिळते. यासाठी पालकांनी आषाढ लागण्यापूर्वी मूर्तिकाराला भेटून विचारावे, कारण श्रावणात कामाची घाई वाढली की नवख्या मुलाला शिकवायला त्याच्यापाशी वेळ उरत नाही.